दुखरी जागा : 'स्मृतिचित्रे'तला संसार आणि विश्वासाचा प्रश्न

(अमरावती येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. अमरावती आणि अकोला येथून आलेल्या श्रोत्यांमध्ये लग्न ठरलेली आणि नुकतीच लग्न झालेली तरुण मंडळी बरीच होती. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



आयोजकांनी मला विषय दिला तो असा : ख्रिस्ती तरुण-तरुणींच्या प्रेमात आणि लग्नात विश्वास कसा उभा राहतो, आणि एकमेकांपुढे मन उघडं करण्याचा त्याच्याशी काय संबंध. मी त्यांना म्हटलं, बाप्पा, मी पाळक नाही, समुपदेशकही नाही. मी पुस्तकं वाचणारा माणूस. तर ते म्हणाले, मग पुस्तकच घेऊन या. म्हणून मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घेऊन आलो आहे. ज्यांनी वाचलंय त्यांना ते पुन्हा वाचावंसं वाटलं आणि ज्यांनी नाही वाचलं त्यांनी घरी जाऊन शोधलं, तर माझं काम झालं.

आधी एक शब्दाची अडचण. इंग्रजीत 'व्हल्नरेबल' असा शब्द हल्ली प्रवचनांतही येतो, मोबाइलवरच्या व्हिडिओंतही येतो. 'व्हल्नरेबल व्हा, म्हणजे विश्वास वाढेल.' मराठीत याला काय म्हणणार? हळवं म्हटलं तर ते वेगळं. असुरक्षित म्हटलं तर ते विमा कंपनीचं वाटतं. आपल्या भाषेत याच्या जवळ जाणारा एक साधा बोल आहे, दुखरी जागा. आपल्या अंगावर कुठे दुखतंय ते दुसऱ्याला दाखवणं. ती जागा दाखवली की समोरच्याच्या हातात दोन गोष्टी येतात. तो तिथे फुंकर घालू शकतो, आणि नेमकं तिथेच बोटही दाबू शकतो. तो दाबणार नाही असं मानून दाखवणं, हा विश्वास.

पण मराठीत आणखी एक बारीक भेद आहे आणि आजचं माझं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे. 'मन उघडं करणं' आणि 'उघडं पडणं'. पहिल्यात करणारा मी आहे. दुसऱ्यात मी काहीच केलेलं नाही, माझ्यावरचं पांघरूण दुसऱ्या कुणी तरी ओढलेलं आहे. प्रवचनात हा भेद फार वेळा निसटतो. दोघांनाही एकच सल्ला दिला जातो, मोकळे व्हा. पण दोघांपैकी एक जण आधीच उघडा पडलेला असेल तर? त्याला किंवा तिला आणखी मोकळं व्हायला सांगण्यात काय अर्थ?

'स्मृतिचित्रे'कडे जाण्याआधी त्याच्या जवळपास पाऊणशे वर्षं आधीच्या एका पुस्तकाकडे बघू. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण शाळेत तिचं नाव पाठ केलं, वाचली मात्र थोड्यांनी. बाबा पदमनजी मूळचे बेळगावचे, १८५४ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तीन वर्षांत ही कादंबरी. यमुना आणि विनायक हे जोडपं. दोघं प्रवास करतात, ठिकठिकाणच्या विधवांची दशा बघतात, त्यावर बोलतात. पुस्तकाचा मूळ हेतू विधवांची स्थिती दाखवणं हाच आहे. पण या विषयाच्या दृष्टीने मला त्यात दिसतं ते असं, की मराठी गद्यात नवरा-बायको एकमेकांशी मनातलं बोलताहेत, श्रद्धेबद्दल बोलताहेत, ही गोष्टच नवी होती. ज्या घरांत दिवसाउजेडी नवऱ्याशी दोन शब्द बोलणं हा चावटपणा समजला जाई, त्या काळात हे जोडपं गप्पा मारत प्रवासाला निघतं. ही लहान गोष्ट नाही.

पण टीकाकार म्हणून मला एक उणीव सांगितली पाहिजे. यमुना आणि विनायक यांना एकमेकांपासून धोका नाही. त्यांची मतं जुळलेली, श्रद्धा जुळलेली. धोका सगळा बाहेरचा, घरच्या मंडळींचा, समाजाचा, रूढीचा. विनायक वारतो आणि यमुनेवर आपत्ती येते, तीसुद्धा बाहेरूनच येते. त्यामुळे त्यांच्या मोकळेपणाला किंमत पडत नाही. जे आपल्यासारखंच मानतो त्याला आपलं मानणं सांगायला धैर्य कशाला लागतं? आदर्श जोडपं दाखवायचं म्हणून लेखकाने त्यांच्यातली दुखरी जागाच काढून टाकली. आजही आपल्याकडे ख्रिस्ती विवाहावर जी पुस्तकं निघतात, त्यांतली बरीचशी 'यमुनापर्यटना'च्या वळणाची आहेत. दोघंही भले, दोघंही प्रार्थनाशील, आणि संकट येतं ते घराबाहेरून.

'स्मृतिचित्रे'त संकट घरातल्या घरात आहे. आणि ते स्वतः नवरा आहे.

थोडी ओळख करून देतो. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले. घरात वडिलांचं सोवळं इतकं कडक, की ते वाचताना आपल्याला हसूही येतं आणि दमही लागतो. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न. टिळक कवी, वक्ते, बुद्धिमान, प्रेमळ, आणि संसाराला पूर्ण निरुपयोगी. कधी न सांगता निघून जातील, कधी घरासाठी आणलेला पैसा कुणा गरजूला देऊन मोकळे होतील. आज नागपूर, उद्या राजनांदगाव. कुठे आहेत याचा पत्ता नाही, आणि इकडे बायको दुसऱ्यांच्या दारात. नागपूर ते राजनांदगाव या आगगाडीच्या प्रवासातच त्यांना एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. आणि मग १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

आता बघा, टिळकांच्या बाजूने ही सत्यनिष्ठेची गोष्ट आहे. मनाला पटलं ते लपवलं नाही, जगापुढे मांडलं, त्यासाठी जात गेली, नातेवाईक गेले, मानमरातब गेला. चर्चमध्ये आपण ही गोष्ट अशीच सांगतो, आणि ती खोटी नाही. टिळकांनी मन उघडं केलं.

पण त्याच दिवशी लक्ष्मीबाई उघड्या पडल्या. वय सत्तावीसच्या आतलं, पदरात लहान मूल, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्या काळच्या ब्राह्मण समाजात ही बाई कोण? सवाशीण? विधवा? तिने कुंकू लावायचं का, कुणाच्या पंक्तीला बसायचं, मुलाची मुंज कुणी लावायची? नवऱ्याने एका पावलात जो प्रश्न सोडवला, त्याचे दहा प्रश्न होऊन बायकोच्या पदरात पडले. आणि हे पाऊल टाकण्याआधी तिच्याशी मोकळेपणाने बोलणं झालं नव्हतं. देवाशी प्रामाणिक झालेला माणूस बायकोशी तितकाच प्रामाणिक असेलच असं नाही, ही गोष्ट 'स्मृतिचित्रे' कुठेही आवाज न चढवता आपल्यापुढे ठेवतं. मला वाटतं, ख्रिस्ती घरांत हे पुस्तक वाचलं पाहिजे ते पहिल्यांदा याच्यासाठी.

इथे कायद्याची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढच्या चार-पाच वर्षांचं वजन कळत नाही. १८६६ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. एतद्देशीय माणूस ख्रिस्ती झाला आणि त्या कारणावरून त्याची बायको सलग सहा महिने त्याला सोडून राहिली, तर त्याला कोर्टात जाता येत असे. कोर्ट बायकोला विचारणार, तू नांदायला तयार आहेस का? नाही म्हणाली तर वर्षभर मुदत. त्यानंतरही नाहीच म्हणाली, तर विवाह मोडला, आणि दोघंही दुसरं लग्न करायला मोकळे. बायको ख्रिस्ती झाली आणि नवऱ्याने टाकलं, तर तिलाही तोच मार्ग. म्हणजे १८९५ नंतर टिळकांना मोकळं होण्याचा रस्ता सरकारने आखून ठेवला होता. तरुण माणूस, कवी म्हणून नाव झालेलं. लोक काय काय बोलत असतील आणि ते ऐकून इकडे हिच्या काळजात काय होत असेल, याची कल्पना करा.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. विश्वास न ठेवणारी बायको जर नांदायला राजी असेल तर तिला सोडू नये, असा त्याचा आशय. आणि ती स्वतःच जायचं म्हणाली, तर तिला अडवू नये. अध्यायाचा हा दुसरा भाग हाताशी धरूनही टिळकांना सुटता आलं असतं. ते सुटले नाहीत. त्यांनी वाट बघितली. पत्रं लिहिली, येऊन भेटले, पुन्हा गेले, पुन्हा लिहिलं. जो माणूस एका जागी चार महिने टिकत नसे, तो या एका जागी चार-पाच वर्षं टिकून राहिला.

माझ्या मते विश्वासाची सुरुवात बाप्तिस्म्याच्या धाडसात नाही, ती या वाट बघण्यात आहे. काहून? तर बाप्तिस्मा घेताना टिळकांनी समाजाला आपली दुखरी जागा दाखवली. वाट बघताना त्यांनी ती बायकोला दाखवली. 'तू आली नाहीस तर मी अपुरा आहे,' हे दाखवलं. आता नकार देण्याचं बळ लक्ष्मीबाईंच्या हातात होतं. लग्न झाल्यापासून कदाचित पहिल्यांदाच.

या काळात लक्ष्मीबाई पंढरपूरला बहिणीच्या, भिकुताईंच्या आश्रयाने राहिल्या. आता पंढरपूर म्हटलं की वऱ्हाडातल्या माणसाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिथून तिची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. रुक्मिणीने काय केलं? भावाने ठरवलेलं लग्न नको म्हणून आपणहून कृष्णाला निरोप धाडला. हीसुद्धा दुखरी जागा दाखवणंच की! निरोप उलटला असता तर तिचं काय झालं असतं? आणि तीच रुक्मिणी पुढे रुसून दिंडीरवनात येऊन बसली, आणि देव तिच्या मागे आला, अशी कथा. पंढरपूरला आजही दोघांचे गाभारे वेगळे आहेत. बडव्यांच्या आणि वारकऱ्यांच्या त्या गावात, रुसून वेगळ्या राहिलेल्या रखुमाईच्या शेजारी, ही नवऱ्याने टाकली म्हणून लोक जिच्याकडे बघत होते ती बाई राहत होती. मी यातून काही चमत्कार काढत नाही. एवढंच म्हणतो, की रुसव्याला जागा देणारं प्रेम ही कल्पना आपल्या मातीत होतीच. ख्रिस्ती होताना ती टाकून द्यायची गरज नव्हती, आणि टिळकांनी ती टाकली नाही.

मग १८९९ च्या सुमारास लक्ष्मीबाई नवऱ्याकडे नगरला आल्या. ख्रिस्ती होऊन नाही बरं का. आपलं सोवळं घेऊन आल्या. आपला स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, आपलं आपण भरायचं. डोळ्यांपुढे आणा. ख्रिस्ती उपदेशकाचं घर, मिशनची माणसं येणार-जाणार, आणि त्याच घरात बायकोची चूल वेगळी. त्या काळच्या ख्रिस्ती समाजात टिळकांना हे सांगताना काय वाटलं असेल? जो दुसऱ्यांना उपदेश करतो, त्याची स्वतःची बायको त्याच्या हातचं पाणी पीत नाही! ही टिळकांची उघडी जखम होती, आणि त्यांनी ती झाकण्यासाठी बायकोवर जबरदस्ती केली नाही.

हाच या पुस्तकातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. वेगळी चूल ही आपण अविश्वासाची खूण समजतो. इथे ती विश्वासाचा पाया आहे. लक्ष्मीबाईंना त्या घरात 'नाही' म्हणता येत होतं आणि 'नाही' म्हणूनही त्यांना त्या घरात राहता येत होतं. ज्या घरात 'नाही' म्हणता येतं, त्याच घरातल्या 'हो'ला अर्थ असतो. पुढे विचार करता करता, जातिभेद हे माणसाने केलेले आहेत असं त्यांचं त्यांना पटलं, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून फरफटत गेल्या असं कुणालाही म्हणता येऊ नये, इतक्या त्या आपल्या पायांनी गेल्या.

आता इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, आणि खोटी होईल. त्यानंतर टिळक सुधारले का? मुळीच नाही. घरात सतत माणसं. बालकवी ठोंबरे याच घरात राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना घरच्या मुलासारखं सांभाळलं. ते आपल्या साहित्याचं भाग्य. पण दर नव्या माणसासाठी भाकरी कुणी थापायची, हा प्रश्न टिळकांना पडत नसे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. पुन्हा तेच. श्रद्धेची उडी त्यांची, आणि खाली जमीन आहे की नाही ते बघण्याचं काम बायकोचं. १९१९ साली टिळक गेले.

म्हणून मी म्हणतो, टिळकांच्या मोकळेपणात एक कायमचा दोष होता. ते भाबडेपणाने मन उघडं करत आणि त्याचा भार दुसऱ्यावर टाकत. सगळं सांगून टाकणारा माणूस भरवशाचा असतोच असं नाही. काही जण सांगून हलके होतात आणि ऐकणारा जड होतो. आपल्या गटप्रार्थनांत, तरुणांच्या शिबिरांत हा प्रकार मी बघतो. एखादा मुलगा उठून रडत रडत आपला भूतकाळ सांगतो, सगळे हेलावतात. त्याची ठरलेली वधू मागच्या रांगेत बसलेली असते आणि तिला ते तिथेच पहिल्यांदा कळत असतं. तो मोकळा झाला. ती उघडी पडली. टाळ्या मात्र दोघांच्या नावाने वाजतात.

मग या बाईने, एवढं सगळं सोसून, विश्वास टिकवला कशावर? याचं उत्तर पुस्तकाच्या सांगण्याच्या पद्धतीत आहे. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत आलं. टिळक जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. त्यांची भजनं 'उपासनासंगीता'त होती आणि महाराष्ट्रभर गायली जात होती. आपल्या अमरावती-अकोल्याच्या चर्चमध्ये ती आजही गातात. समाजाच्या लेखी ते संतपदाला पोचले होते. अशा माणसाच्या बायकोने त्याचं चरित्र लिहायचं, तर काय लिहावं अशी अपेक्षा असते, तुम्हाला ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनी त्यांचा राग लिहिला, विसराळूपणा लिहिला, भांडणं लिहिली, आपला हट्टही लिहिला. आणि हे सगळं हसत लिहिलं. त्या नवऱ्याचा उल्लेख 'टिळक' असा करतात. 'हे' नाही, 'साहेब' नाही. नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागणाऱ्या काळातली बाई सरळ 'टिळक' म्हणते, जणू आपण एका माणसाबद्दल बोलतोय, देवाबद्दल नाही, हे तिला पक्कं माहीत आहे.

हे हसू मला फार महत्त्वाचं वाटतं. ते झाकणारं हसू नाही, कारण तिने काही झाकलेलंच नाही. ते सूडाचंही नाही. टिळकांची दुखरी जागा तिला तंतोतंत ठाऊक होती, लेखणी तिच्या हातात होती, उत्तर द्यायला ते हयात नव्हते, आणि तरी तिने तिथे बोट दाबलं नाही. पण ती जागा नाहीच असंही म्हटलं नाही. विश्वासाचं मोजमाप मला इथे सापडतं. माझ्या पश्चात माझ्याबद्दल ही खरं बोलेल, आणि खरं बोलूनही मला सोडणार नाही. असं माणूस लाभावं. टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं, हे आपण भक्तीचं काम म्हणून सांगतो. माझ्या लेखी 'स्मृतिचित्रे' हे त्याहून मोठं भक्तीचं काम आहे.

आता आपल्याकडे येऊ. वऱ्हाडातला ख्रिस्ती समाज थोडका. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ चा, यवतमाळला १९५३ पासून तीस वर्षं मोठं धर्मशास्त्रीय विद्यालय होतं, अकोल्याकडे अलायन्सच्या मंडळ्या. इतिहास मोठा, पण माणसं मोजकी. सगळे सगळ्यांना ओळखतात. अशा ठिकाणी दुखरी जागा दाखवणं महाग पडतं, कारण एकाला सांगितलेलं रविवारपर्यंत चार घरी जातं. म्हणून मुलं-मुली काय करतात? लपवतात. आणि लपवतात ते नेहमी वाटतं तसं जुनं प्रेमप्रकरण नसतंच. घरावरचं कर्ज असतं. कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आईचा किंवा भावाचा मानसिक आजार असतो, स्वतःच्या गोळ्या असतात.

आणि एक गोष्ट आहे जिच्याबद्दल आपण व्यासपीठावरून बोलत नाही. ती म्हणजे कागद. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. त्याचा परिणाम असा, की कित्येक घरांत चर्च एक सांगतं आणि दाखला दुसरं सांगतो. यात त्या मुलामुलींचा दोष मी काढत नाही. ज्या व्यवस्थेने शिक्षण आणि श्रद्धा यांत निवड करायला लावली, तिला आधी विचारा. पण लग्न ठरताना हा विषय दोघांमध्ये निघतच नाही. जात आपल्यात नाही असं म्हणायचं, आणि स्थळ बघताना मात्र हळूच विचारायचं. लक्ष्मीबाईंना जातीचा प्रश्न चुलीवर आणि पाण्याच्या हंड्यात सोडवावा लागला. आपण तो अजून फाइलमध्ये लपवून ठेवला आहे.

तेव्हा या पुस्तकातून माझ्या हाती काय लागलं, ते सांगून थांबतो. ज्याच्या हातात अधिक बळ आहे त्याने आधी आपली दुखरी जागा दाखवावी. बहुतेक घरांत तो मुलगा असतो, कधी पैसेवाली बाजू असते, कधी ज्याचं घराणं चर्चमध्ये वजनदार आहे ते असतात. जो आधीच उघडा पडलाय त्याच्याकडून आणखी मागू नये. दुसरं, एकट्यात सांगायचं ते सभेत सांगू नये. आणि तिसरं, समोरच्याला वेगळी चूल मांडायची असेल तर मांडू द्यावी. तुमचा विश्वास तेवढा दम धरू शकतो का, ते तिथे कळतं. टिळकांमध्ये शंभर दोष होते, पण तेवढा दम त्यांनी धरला. म्हणून लक्ष्मीबाई आल्या.



(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले.)

प्रश्न : सर, तुम्ही म्हणता वाट बघावी. पण नवरा मारत असेल, दारू पीत असेल, तरी बायकोने दुखरी जागा दाखवत बसायचं का? आमच्याकडे तर सांगतात, प्रार्थना कर, क्षमा कर.

उत्तर : नाही, ताई. अजिबात नाही. म्हणूनच मी दोन शब्दांतला भेद सुरुवातीला सांगितला. जिथे मार आहे तिथे ती बाई उघडी पडलेली आहे, तिला पांघरूण हवं. तिने आणखी मन मोकळं केलं तर तेच तिच्याविरुद्ध वापरलं जाईल. क्षमा करणं आणि त्याच घरात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्यानेही हे उशिराच मानलं. १८६९ च्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे, नुसता मार पुरत नसे. ही विषमता २००१ च्या दुरुस्तीने गेली, सव्वाशेहून अधिक वर्षांनी. एवढी वर्षं बायकांना फक्त 'क्षमा कर' सांगितलं गेलं. आता तरी पाळकांनी आधी तिला सुरक्षित जागी पोचवावं, आणि मग प्रार्थना करावी.

प्रश्न : माझं लग्न ठरलंय. एक गोष्ट मी अजून तिला सांगितली नाही. कधी सांगू? लग्नानंतर सांगितली तर चालेल का?

उत्तर : ती गोष्ट काय आहे ते मी विचारत नाही, तुम्हीही इथे सांगू नका. फक्त एवढं बघा, की ती ऐकून तिला 'नाही' म्हणावंसं वाटलं, तर तसं म्हणायला तिला वाव उरला पाहिजे. चर्चमध्ये तुमच्या नावांची घोषणा झाली, पत्रिका वाटल्या, हॉल ठरला, की तो वाव दर दिवशी कमी होत जातो. लग्नानंतर सांगितलंत, तर तुमचं मन हलकं होईल, पण तिच्या हातात काही राहणार नाही. म्हणजे १० फेब्रुवारी १८९५ चीच गोष्ट पुन्हा. तेव्हा घोषणेच्या पहिल्या रविवारच्या आत सांगा. तिच्या घरच्यांना नको, आधी तिला. आणि सांगून झाल्यावर लगेच उत्तर मागू नका. तिला चार दिवस द्या.